ठाऊक नाही, शोधू या!



'माझा आवडता प्राणी' हा निबंध तुम्ही आजवर अनेकदा लिहिला असेल. तुमच्यापैकी बहुतेकांनी गाय, बकरी, मांजर किंवा पोपट यांच्यावरच लिहिले असेल. गायीला चार पाय असतात, तिला दोन शिंगे असतात, ती आपल्याला दूध देते, अशी ठरलेली दहा वाक्ये झाली की निबंध पूर्ण होतो! आम्ही शिक्षकही अशा निबंधाला दहापैकी सात गुण देऊन मोकळे होतो.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गातील एका मुलीने मात्र या विषयावर लिहिताना डायनासोरची निवड केली. तिच्या अब्बांनी रद्दीच्या दुकानातून तिच्यासाठी एक जुने चित्रांचे पुस्तक आणले होते. ते पुस्तक तिने इतक्या वेळा चाळले होते, की त्याची पाने सुटून आली होती. निबंधात तिने एकामागून एक डायनासोरांची नावे लिहिली होती. मी तिच्या वहीत लाल शाईने शेरा लिहिला, 'जिवंत प्राण्यावर लिहावे. हे परीक्षेला नाही.'

वही परत घेताना तिने मला हळूच विचारले, "टीचर, आपल्या मुलखात डायनासोर होते का?"

खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते. पण 'मला येत नाही' असे मी म्हणाले नाही. "जागेवर बस आणि आधी शुद्धलेखनाकडे लक्ष दे," असे मी म्हणाले. ती मुकाट्याने जाऊन बसली. त्यानंतर कितीतरी दिवस तिने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

मित्रांनो, त्या दिवशी चूक तिच्या निबंधात नव्हती, माझ्या उत्तरात होती. ती चूक मला कोणी दाखवून दिली आणि तिचा तुमच्याशी काय संबंध आहे, हेच मला आज सांगायचे आहे.

त्या वर्षी आमच्या शाळेची सहल अहमदाबादला गेली. सहलीचा कार्यक्रम आखताना मला समजले, की अहमदाबादपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर बालासिनोर नावाचे गाव आहे आणि त्याच्या जवळच्या रैयोली या खेड्यात डायनासोरांचे जीवाश्म सापडले आहेत. तेथे २०१९ साली एक संग्रहालयही उघडले आहे. मला त्या मुलीची आठवण झाली. आम्ही सहलीतील एक दिवस रैयोलीसाठी ठेवला.

'जीवाश्म' हा शब्द तुम्ही लक्षात ठेवा. 'जीव' आणि 'अश्म' मिळून तो तयार झाला आहे. अश्म म्हणजे दगड. मेलेल्या प्राण्याचे हाड किंवा अंडे गाळाखाली गाडले जाते. पाण्यातील खनिजे हळूहळू त्यात शिरतात आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. आकार जुनाच राहतो, पण ते दगडासारखे कठीण होते.

मुंबईतील मोठ्या संग्रहालयांची शान रैयोलीच्या संग्रहालयाला नाही. बाजूला उघडा माळ आहे आणि त्या माळावरच्या खडकांत जीवाश्म आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी दोन भूवैज्ञानिक काही कामासाठी तेथे आले होते. एक वयस्कर होते आणि दुसऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांच्यापुढे एका टेबलावर काही दगड मांडलेले होते. आमची मुले लांबून पाहत उभी राहिली. ती मुलगी मात्र सरळ त्यांच्यापाशी गेली आणि तिने आपल्याला येणारी सगळी नावे घडाघडा म्हणून दाखवली. टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, व्हेलॉसिरॅप्टर, स्टेगोसॉरस! मला वाटले, आता हे लोक तिला बाजूला करतील.

तसे झाले नाही. त्या वयस्कर गृहस्थांनी हातातले काम थांबवले आणि शांतपणे सगळी नावे ऐकून घेतली. मग त्यांनी विचारले, "बेटी, यांपैकी आपल्या देशात सापडलेला कोणता?"

ती गप्प झाली. सगळी नावे परदेशी डायनासोरांची होती. तिच्या पुस्तकात हिंदुस्थानातील एकही नव्हता. मग त्यांनी तिला राजासॉरसची हकिकत सांगितली. ती मी येथे थोडक्यात देते.

१९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव आणि त्यांचे सहकारी यांनी रैयोलीला खोदकाम केले. तेथे त्यांना पुष्कळ हाडे मिळाली. प्रत्येक हाड कोठे आणि कसे पडले होते, याचा त्यांनी काळजीपूर्वक नकाशा काढून ठेवला. ती हाडे बरीच वर्षे तशीच जपून ठेवलेली होती. पुढे भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती पुन्हा अभ्यासली. जुन्या नकाशाच्या आधारे त्यांनी हाडे जुळवली. तेव्हा कळले, की हा मांसाहारी डायनासोर जगात इतरत्र कोठेही सापडलेला नाही. २००३ साली त्याचे नाव ठेवले गेले राजासॉरस नर्मदेन्सिस, म्हणजे नर्मदेच्या परिसरातला सरड्यांचा राजा. त्याच्या डोक्यावर एक लहान शिंग होते.

हाडे तीच होती. पण त्यांच्याकडे नव्याने पाहून, नीट प्रश्न विचारीपर्यंत सुमारे वीस वर्षे त्यांना नाव नव्हते. आणि एका माणसाने आपली नोंद चोख ठेवली नसती, तर कदाचित ते नाव मिळायला आणखी उशीर झाला असता.

हे सगळे ऐकून त्या मुलीची भीड चेपली. ती विचारू लागली. "सर, राजासॉरस किती लांब होता?" त्यांनी सांगितले, "सगळी हाडे मिळालेली नाहीत. म्हणून अंदाज वेगवेगळे आहेत. कोणी साडेसहा मीटर म्हणतात, कोणी नऊ मीटर."

"त्याचा रंग कोणता होता?"

ते हसले आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही. आज तरी कोणालाच ठाऊक नाही."

मित्रांनो, हे उत्तर ऐकून ती मुलगी चकित झाली, आणि तिच्यापेक्षा मी अधिक चकित झाले. ज्या माणसाचे केस या विषयाचा अभ्यास करता करता पांढरे झाले, तो सातवीतल्या एका मुलीसमोर 'ठाऊक नाही' म्हणाला. त्यात त्याला जराही कमीपणा वाटला नाही. उलट त्याने पुढे तिलाच विचारले, "रंग कळण्यासाठी आपल्याला काय सापडायला हवे?" ती विचार करून म्हणाली, "कातडी." तरुण बाईंनी लगेच सांगितले, की चीनमध्ये काही लहान डायनासोरांच्या पिसांचे ठसे मिळाले आहेत. त्यांतील रंगाचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून २०१० साली शास्त्रज्ञांनी त्यांचे रंग ओळखले. राजासॉरसची मात्र अजून केवळ हाडेच मिळाली आहेत.

मग त्या बाईंनी तिचे जुने पुस्तक मागून घेतले आणि व्हेलॉसिरॅप्टरचे चित्र उघडले. चित्रात त्याचे अंग खवल्यांचे होते आणि तो माणसाएवढा उंच होता. त्या म्हणाल्या, "हे चित्र आता जुने झाले. मंगोलियात सापडलेल्या याच्या हाताच्या हाडावर पिसे जोडली जाण्याच्या खुणा दिसल्या. ते २००७ साली प्रसिद्ध झाले. आणि कमरेपाशी याची उंची जेमतेम अर्धा मीटर होती." ज्या पुस्तकावर त्या मुलीचा एवढा विश्वास होता, ते पुस्तकही चुकले होते! मला वाटले, ती हिरमुसली होईल. पण तिने दप्तरातून पेन्सिल काढली आणि त्या चित्रातील डायनासोरला तेथल्या तेथे पिसे काढली.

त्या दिवशी मला जे उमगले ते असे. आपण ज्याला 'अभ्यास' म्हणतो, त्यात पाठांतर फार आणि पाहणे फार थोडे असते. नावे पाठ करणे वाईट नाही. नावांशिवाय बोलता येत नाही. पण नावे म्हणजे ज्ञानाचा उंबरठा आहे, घर नव्हे. घरात शिरायचे असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, समोरची वस्तू नीट पाहून प्रश्न विचारण्याचे धैर्य. दुसरी, उत्तर येत नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणण्याचा प्रामाणिकपणा. पहिली गोष्ट विद्यार्थ्याची आहे असे आपण समजतो आणि दुसरीची आपल्याला लाज वाटते. माझे मत असे, की दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला हव्यात आणि शिक्षकालाही हव्यात.

हे केवळ माझे म्हणणे नाही. गुजरातमधीलच आणखी एका दगडाची गोष्ट ऐका. धोली डुंगरी या गावाजवळ भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना एका खडकात डायनासोरची अंडी आणि काही लहान हाडे मिळाली. ही हाडे अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाची आहेत, असे त्यांनी १९८७ साली लिहिले. २००१ साली जेफ्री विल्सन हे अमेरिकन शास्त्रज्ञ तो खडक पाहत असताना त्यांना दिसले, की त्यांतले काही मणके सापाचे आहेत! दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून पुन्हा अभ्यास केला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप डायनासोरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळे घालून बसला होता आणि जवळच अर्ध्या मीटरचे पिल्लू होते. तेवढ्यात सगळेच चिखलमातीखाली गाडले गेले असावेत. २०१० साली हा शोध जगापुढे आला आणि त्या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळाले. मोहबे यांनी 'माझेच पहिले म्हणणे खरे' असा हट्ट धरला नाही. नवे दिसले ते त्यांनी मान्य केले. म्हणून आज जगाला सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा तो प्रसंग ठाऊक आहे.

आता त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या मुलखात, म्हणजे महाराष्ट्रात डायनासोर होते का? होते. पण त्यांच्या काळाच्या अखेरीस येथे प्रचंड प्रमाणात लाव्हा वाहिला. त्याचा काळा दगड महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर पसरला आहे. आपल्या सह्याद्रीचे कडे, आपले किल्ले याच दगडाचे. म्हणून त्याखालचे जुने खडक आपल्याला क्वचितच दिसतात. चंद्रपूर जिल्ह्यात मात्र ते उघडे पडले आहेत. तेथे वरोऱ्याच्या परिसरात पिसदुरा नावाचे गाव आहे. या गावाच्या शिवारात डायनासोरांची हाडे मिळाली, आणि त्यांच्या विष्ठेचे दगडही मिळाले.

तुम्ही हसलात ना? आमचा वर्गही हसला होता. पण शास्त्रज्ञ केवळ हसून थांबले नाहीत. 'हे प्राणी काय खात होते?' असा प्रश्न त्यांनी त्या दगडांना विचारला. अनेक वनस्पतींच्या पेशींत वाळूसारखे अतिशय बारीक कण तयार होतात. वनस्पतींच्या वेगवेगळ्या गटांचे कण बहुधा निराळ्या आकारांचे असतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या त्या दगडांत गवताचे कण आढळले. डायनासोर असताना पृथ्वीवर गवत नव्हते, अशी तोपर्यंत बहुतेकांची समजूत होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधाने ती समजूत बदलली. आपल्या विदर्भातील एका खेड्यातील दगडांनी जगभरच्या पुस्तकांतील एक ओळ खोडायला लावली!

दगड पाहून प्रश्न विचारण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. अकराव्या शतकात अल्-बिरूनी हिंदुस्थानात आला. त्याने पाहिले, की डोंगरांजवळ नदीतले गोटे मोठे असतात, पुढे ते लहान होत जातात आणि समुद्राकडे नुसती वाळू उरते. हे असे का, असा त्याने विचार केला. एके काळी येथे समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरून गेला असावा, असे त्याने लिहून ठेवले. त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. डोळे होते आणि प्रश्न होता. नदीचे गोटे तर तुम्हीही पाहता. मग फरक कोठे आहे?

कोणी म्हणेल, "टीचर, हे सगळे ठीक आहे. पण डायनासोर कधीच मेले. त्यांचा आपल्याला उपयोग काय? आपल्याला दहावी पास व्हायचे आहे, पोट भरायचे आहे." हे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कमावणारे हात थोडे आणि खाणारी तोंडे जास्त आहेत, हे मला ठाऊक आहे. पण परीक्षा आणि प्रश्न यांचे वैर आहे, असे तुम्हांला कोणी सांगितले? ज्याला 'का?' विचारण्याची सवय आहे, त्याला गणित समजते, विज्ञान समजते आणि व्याकरणही समजते. पाठ केलेले उत्तर परीक्षेनंतर विसरते. स्वतः शोधलेले उत्तर जन्मभर पुरते. शिवाय डॉक्टर, कारागीर, दुकानदार, वकील, यांपैकी कोणाचे काम नीट पाहिल्यावाचून आणि विचारल्यावाचून चालते?

ज्ञानाचा उपयोग कसा होतो, त्याचे उदाहरण बालासिनोरमध्येच आहे. तेथील जुन्या नवाब घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी भूशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. पण रैयोलीला शास्त्रज्ञ येऊ लागले, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर माळावर फिरल्या. त्यांनी विचारले, ऐकले, वाचले आणि त्या शिकल्या. पूर्वी लोक तेथील जीवाश्म उचलून नेत असत. ते जपले पाहिजेत म्हणून आलियाबाईंनी गावकऱ्यांना समजावले आणि पाहुण्यांना ती जागा दाखवण्याचे काम हाती घेतले. गावातील एक म्हातारी एका गोल दगडाने मसाला वाटत असे. आलियाबाईंनी तो पाहिला आणि ओळखला. ते डायनासोरचे अंडे होते! जिला ठाऊक नव्हते तिच्यासाठी तो वाटण्याचा दगड होता. जिला ठाऊक होते तिच्यामुळे तो वाचला. यात त्या म्हातारीचा दोष नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून शिकलेल्या माणसाने आपले ज्ञान दुसऱ्याला सांगितलेही पाहिजे.

म्हणून मित्रांनो, माझे तुम्हांला काही सांगणे आहे. एक लहान वही करा आणि तिच्यात रोज एक प्रश्न लिहा. तो पुस्तकातलाच असला पाहिजे असे नाही. तो तुमच्या गल्लीतला, नदीतला, आभाळातला असू द्या. वर्गातील एखाद्याने वेडगळ वाटणारा प्रश्न विचारला तर त्याला हसू नका. उर्दूत विचारा, मराठीत विचारा, मोडक्या भाषेत विचारा, पण विचारा. त्या मुलीचे मराठी तेव्हा कच्चे होते आणि इंग्रजी त्याहून कच्चे. त्या दोन विद्वानांनी तिची भाषा तपासली नाही, प्रश्न तपासला. कधी चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलात तर सिरोंचा तालुक्यातील वडधमचे जीवाश्म उद्यान अवश्य पाहा. आणि कोठे जीवाश्म दिसला तर तो उचलून खिशात घालू नका. तो जेथे पडला आहे ती जागाही शास्त्रज्ञांशी बोलते. तो तेथेच राहू द्या आणि मोठ्यांना कळवा.

सहलीहून परत आल्यावर मी त्या मुलीला तोच निबंध पुन्हा लिहायला सांगितला. या वेळी तिने नावांची यादी दिली नव्हती. एकाच प्राण्यावर, राजासॉरसवर तिने दीड पान लिहिले होते. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या, कारण तेही माझे काम आहे. निबंधाच्या शेवटी तिने मलाच एक प्रश्न विचारला होता, 'राजासॉरसची आई आपल्या पिल्लांची काळजी घेत असेल का?'

मी लाल शाईची लेखणी उचलली आणि त्याखाली लिहिले, 'मला ठाऊक नाही. आपण दोघी शोधू या.'

शिक्षक झाल्यापासून मी हजारो शेरे लिहिले असतील. त्यांतला हा एक लिहिताना मला खरोखर आनंद झाला. तुमच्या वहीतही असा शेरा यावा, आणि तो यावा असा प्रश्न तुम्ही विचारावा, एवढीच माझी इच्छा आहे.